सातशे वीस चित्रांचे एक मिनिट

चित्र हलत नाही. भिंतीवर गणपतीचे चित्र टांगले, तर त्याच्या पायाजवळचा उंदीर वर्षभर तिथेच बसून राहतो. लाडवाकडे बघतो, पण लाडू खात नाही. मग सिनेमात आणि मोबाईलवर हाताने काढलेली चित्रे धावतात कशी? त्यांना कोण धावायला लावते?

याचे उत्तर तुम्ही घरी बसून शोधू शकता. एक जुनी वही घ्या. तिच्या वीस पानांच्या कोपऱ्यात एकेक चेंडू काढा. पहिल्या पानावर चेंडू अगदी खाली असू द्या. दुसऱ्या पानावर तो ज्वारीच्या दाण्याएवढा वर काढा. तिसऱ्या पानावर आणखी एक दाणा वर. असे वीस पानांपर्यंत करा. आता अंगठ्याने पानांचे कोपरे सरसर सोडा. पाहा, चेंडू वर चढला! खरे म्हणजे एकही चेंडू जागचा हललेला नाही. पण एक चित्र दिसते न दिसते तोच दुसरे डोळ्यांपुढे येते. दोन्ही चित्रांत फरक थोडासाच. मग आपले मनच ती दोन चित्रे जोडून घेते. सारी करामत एवढीच आहे, बरं का.

अशा चित्रांच्या सिनेमाला अ‍ॅनिमेशन म्हणतात. आपण त्याला हलती चित्रे म्हणू या.

आता थोडा हिशेब करू. मोठ्या सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रे डोळ्यांपुढून जातात. हाताने चित्रे काढणारे लोक काटकसर करतात. एकच चित्र दोनदा दाखवतात. म्हणजे एका सेकंदाला १२ चित्रे पुरतात. मिनिटाचे सेकंद ६०. बारा सक बाहत्तर, त्यावर एक शून्य. झाली ७२० चित्रे! तुम्ही चहाचा कप संपवाल, तेवढ्या वेळात दोन हजारांवर चित्रे लागतील. एका माणसाने किती काढायची?

आपल्या मराठी मुलखात हा खटाटोप पहिल्याने केला तो दादासाहेब फाळके यांनी. त्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरला झाला. १९१२ साली ते विलायतेला गेले. तिथे त्यांनी सिनेमाचा कॅमेरा विकत घेतला. सिनेमा काढायला पैसा हवा होता. पण हा मनुष्य काय करणार आहे, हे सावकाराला कळणार कसे? तेव्हा फाळक्यांनी एक कुंडी घेतली. तिच्यात वाटाण्याचा दाणा पेरला. समोर कॅमेरा ठेवला. महिनाभराहून जास्त दिवस ते त्या कुंडीची थोडी थोडी चित्रे घेत राहिले. कॅमेरा एकदा ठेवला तो ठेवला. मग सगळी चित्रे एकापाठोपाठ दाखवली. दाण्याला कोंब फुटला, पाने आली, वेल भराभर वर चढला. महिन्याची वाढ बघता बघता झाली! या चित्रपटाला 'अंकुराची वाढ' असे नाव आहे. तो पाहून पैसा देणाऱ्याला भरवसा आला. पुढे ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लोकांना दाखवला गेला. नंतर १९१५ च्या सुमारास फाळक्यांनी आगपेटीतल्या काड्या हलवून एक छोटा चित्रपट केला. त्याचे नाव 'आगकाड्यांची मौज'. काडी थोडी सरकवायची, चित्र घ्यायचे. पुन्हा सरकवायची, पुन्हा घ्यायचे. काड्या आपोआप नाचू लागल्या.

फाळक्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचे नाव आम्ही शाळेत असताना आम्हांला कुणी सांगितले नव्हते. त्या काळी फिल्मच्या पट्टीला कडेची भोके पाडलेली नसत. ती घरी पाडावी लागत, तीही अंधारात. उजेड लागला की पट्टी वाया. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. त्यांनी अंगावरचे दागिने दिले. काम करणाऱ्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला. चित्र घेताना उजेड परतवायला पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहिल्या. आता बोला, चित्रपट कुणी केला?

हाच प्रश्न आमच्याकडच्या मुलांपुढे आला. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

आमचे गाव राजगुरुनगर. भीमा नदीच्या काठी आहे. पूर्वी याला खेड म्हणत. हुतात्मा राजगुरू यांचा जन्म १९०८ साली इथे झाला, म्हणून गावाला त्यांचे नाव दिले. आम्ही काही निवृत्त शिक्षक इथे रात्री मोठ्या माणसांचा वर्ग घेतो. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना गोळा करून काही ना काही करवून घेतो. कधी मातीची खेळणी, कधी नाटुकले. एका सुट्टीत मुले म्हणाली, "गुरुजी, आपण कार्टून करू या." मुले होती अकरा. आठवी-नववीतली. हल्ली मुले मोबाईलवर काय काय बघतात, ते बघून आमचा जीव खालीवर होतो. पण तो विषय निराळा. ही मुले बघायचे सोडून करायचे म्हणत होती. आम्ही हो म्हटले.

पहिल्यांदा मुलांनी ठरवले, हुतात्मा राजगुरूंची गोष्ट करायची. घोडे, बंदुका, शिपाई, लोकांची गर्दी. विषय थोर, पण आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. गर्दीत कागदाची वीस माणसे धरा. दर चित्राला प्रत्येकाला थोडे हलवायचे. सेकंदाला चित्रे बारा. बारा विसा दोनशे चाळीस. म्हणजे एका सेकंदासाठी २४० वेळा हात लावायचा. मुले गप्प झाली. मग एक मुलगी हळूच म्हणाली, "कांद्याची गोष्ट करू. कांदा एकटाच असतो."

कांदा कुणाला नवा आहे? इथून चाकणचा बाजार जवळ. तिथे कांद्याचे लिलाव चालतात. घरोघरी त्याच्याच भावाच्या गप्पा. गोष्ट अशी ठरली. एक कांदा शेतातून निघतो. टेंपोत बसून चाकणला जातो. तिथे लिलाव होतो. पुढे काय होते, यावर मात्र भांडण लागले. काही मुलांना वाटे, कांद्याला चांगला भाव मिळावा. शेतकऱ्यांची मुले म्हणाली, "असं कुठं होतं का? खोटं नको." तो प्रश्न त्या दिवशी तसाच राहिला.

कामाची वाटणी केली. तिघींनी जाड कागदाचे कांदे, टेंपो, माणसे कापायची. दोघांनी मागचा देखावा रंगवायचा. दोघांनी तुकडे हलवायचे. एकाने मोबाईल सांभाळायचा. एकाने दिवा. दोघांनी शेवटी आवाज द्यायचा. झाले अकरा. दोन स्टुलांवर एक फळी टाकली. फळीला भोक पाडले. त्या भोकावर मोबाईल पालथा बांधला. खाली जमिनीवर रंगवलेला कागद. कागदावर टेंपो. टेंपो गव्हाच्या दाण्याएवढा सरकवायचा, हात बाजूला घ्यायचा, फोटो काढायचा. असे शेकडो वेळा.

पहिल्या दिवशी मुलांना फार घाई. टेंपो मोठमोठ्या पावलांनी सरकवला. फोटो जोडून बघितले तर टेंपो बेडकासारखा उड्या मारीत गेला. मध्येच एका जागी ठप्प! एकजण म्हणे, "मी सरकवला होता." दुसरा म्हणे, "नव्हतास." कोण खरे, कसे ठरवायचे? लिहिलेले काहीच नव्हते.

आमच्या रात्रीच्या वर्गातल्या एक मावशी नातीला सोडायला आल्या होत्या. नात कागद कापणाऱ्या तिघींतली. मावशी कोपऱ्यात बसून सगळे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मी खुणा मांडते. दुधाचा हिशेब मीच ठेवते की." पूर्वी त्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायच्या. वर्गात आल्यापासून वहीत आकडे लिहू लागल्या. मुलांनी त्यांना वही दिली. मावशींनी चार रकाने पाडले. दिवस. काय हलले. किती फोटो. किती बाद. 'टेंपो' हा शब्द त्यांनी टिंबाशिवाय 'टेपो' असा लिहिला. काम अडले नाही.

त्या दिवसापासून फोटो काढला की मोबाईलवाला "झाला!" म्हणे. मावशी रेघ मारीत. पाच रेघांची एक जुडी. हलवणाऱ्यांनी "झाला" ऐकल्यावाचून हात पुढे करायचा नाही, असा नियम मुलांनी आपणच केला. उड्या थांबल्या. हळूहळू मुलांना आणखी एक गोम कळली. गाडी एकदम वेगात सुटत नाही. आधी अर्धा दाणा, मग एक दाणा, मग दोन दाणे असे सरकवले, तर गाडी खरी वाटते. थांबवतानाही तसेच, उलट्या क्रमाने. बैलगाडी हाकणाऱ्याला हे निराळे शिकवावे लागत नाही.

मग उजेडाने छळले. पहिले दोन दिवस खिडकीच्या उन्हात काम केले होते. ऊन सरकते, ढग येतो. फोटो जोडले तर सगळा चाकणचा बाजार लुकलुकू लागला. खिडक्या लावल्या आणि दिव्याखाली काम सुरू केले. तरी मध्येच उजेड कमी-जास्त होई. दिवा धरणाऱ्या मुलाने कारण शोधले. हलवणारा मुलगा पांढरा सदरा घालून येई. तो पुढे वाकला की सदऱ्यावरून उजेड कागदावर पडे. दुसऱ्या दिवशी त्याने काळपट सदरा घातला. मोबाईलही शहाणा, तो आपण होऊन उजेड वाढवतो नि कमी करतो. पडद्यावर बोट दाबून धरले की तो एका ठिकाणी राहतो. वीज गेली की काम बंद. बॅटरीच्या दिव्याचा रंग वेगळा पडतो, म्हणून तो चालत नाही. आमच्याकडे वीज जाते किती, ते तुम्हांला सांगायला नको.

एका संध्याकाळी एका मुलीचे वडील आले. चाकणच्या बाजूला गाड्यांच्या कारखान्यात कामाला आहेत. पाळी संपवून तसेच आले होते. म्हणाले, "गुरुजी, पोरगी आठ दिवस कागद कापतीय. चित्रं नाचवून पोट भरतं का?" प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांना बसवले आणि काम बघू दिले. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "हे तर आमच्या लाईनवानी आहे. एकानं दार बसवायचं, एकानं चाक. मधला चुकला की पुढचे सगळे अडतात." अगदी तसेच आहे. मात्र कारखान्यात गाडीचा नमुना आधी ठरलेला असतो. इथे नमुनाही मुलांनाच ठरवायचा होता, आणि तो अजून ठरला नव्हता.

पोटाचे म्हणाल, तर हा धंदा खरा आहे. तो काही आजचा नाही. पुण्यात प्रभात फिल्म कंपनी होती. तिने १९३४ साली 'जंबूकाका' नावाचे कोल्ह्याचे चित्र काढले होते. मुंबईत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टूनचे खाते निघाले. अमेरिकेतल्या डिस्ने कंपनीत काम केलेले क्लेअर वीक्स नावाचे चित्रकार तिथे शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली १९५७ साली 'बनियन डिअर' ही जातकातल्या हरणाची गोष्ट तयार झाली. राम मोहन हे पुढे नावाजलेले चित्रकार त्याच खात्यात शिकले. अशा ठिकाणी कामाच्या पायऱ्या असतात. मुख्य चित्रकार महत्त्वाची चित्रे काढतो. हरणाने उडीसाठी पाय उचलला, हे एक. हरीण पलीकडे टेकले, हे दुसरे. मधली चित्रे मदतनीस काढतात. कुणी ती पारदर्शक कागदावर गिरवतात, कुणी रंग भरतात. आता ही कामे बहुतेक संगणकावर होतात. पुण्या-मुंबईत ती शिकवतात. शिकवणीची फी जबर असते आणि काम कायमचे असतेच असे नाही. हे त्या वडिलांना आम्ही स्पष्ट सांगितले. मुलीचा हात चांगला आहे, हेही सांगितले. ते हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मुलगी वेळेवर आली.

पाचव्या दिवशी मात्र मावशींची नात आली नाही. तिच्या मामाकडे लग्न होते. कांद्याची तोंडे तिने केली होती. हसरे, रडके, झोपलेले, अशी सहा. कुठले तोंड कधी लावायचे, ते तिलाच ठाऊक. काम थांबायचे. पण मावशी लग्नाला जाताना वही मागे ठेवून गेल्या होत्या. वहीत लिहिलेले होते : 'कांदा रडका, १४ फोटो. मग झोपला.' दुसऱ्या मुलीने बोट ठेवून ते वाचले आणि काम पुढे चालू झाले. खुणा मांडायला त्या दिवशी दिवेवाला मुलगा बसला. त्याचे अक्षर मावशींहून वाईट!

राहिला गोष्टीचा शेवट. त्याच सुमारास आम्ही मुलांना फाळक्यांच्या वाटाण्याची हकीकत सांगितली होती. एका मुलाने ती धरून ठेवली. तो म्हणाला, "भाव मिळालाच नाही असं दाखवू. कांदा परत येतो. चाळीत पडून राहतो. आणि त्याला कोंब येतो." शेतकऱ्यांच्या मुलांना हे पटले. घरोघरी चाळीतल्या कांद्याला कोंब येतात, ते त्यांनी पाहिले होते. कोंब म्हणजे शेतकऱ्याचे नुकसान. पण कोंबातून रोपही होते. दोन्ही खरे. हिरव्या कागदाची पट्टी कांद्याच्या मागे लपवली आणि केसाएवढी केसाएवढी वर सरकवली. २४ फोटो, दोन सेकंद. साऱ्या चित्रात तेवढे दोन सेकंद आम्हांला फार आवडले. तिथे कुणाचाही हात थरथरला नाही.

नऊ दिवसांनी मावशींनी बेरीज केली. काढलेले फोटो ८०३. बाद १५५. उरले ६४८. भागिले बारा, म्हणजे ५४ सेकंद. मिनिटाला सहा कमी. मुलांनी मोबाईलमधले फोटो मोजले, तेही ६४८ भरले.

मग खरी कसोटी आली. शेवटी नावे द्यायची होती. मोबाईल सांभाळणारा मुलगा म्हणाला, "मोबाईल माझ्या काकांचा. सगळे फोटो मी काढले. माझं नाव पहिलं, आणि मोठं." कापणाऱ्या मुली चिडल्या. "मग आम्ही काय केरकचरा केला?" आवाज देणारे म्हणाले, आमच्यावाचून चित्र मुके. अकरा तोंडे एकदम बोलू लागली. आम्ही मध्ये पडलो नाही. भांडणातून मुले आपणच बाहेर येतात, असा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. नेहमी येतात असे नाही, पण बहुधा येतात.

या वेळी वहीने वाट काढली. एका मुलीने वही उघडून पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कोणत्या दिवशी कुणी काय केले, ते सारे तिथे होते. कागद कापले नसते, तर पहिला फोटो निघाला नसता, हे मोबाईलवाल्यालाही दिसले. तो काही लगेच खूश झाला नाही. पण त्याने हट्ट सोडला. ठरले असे : काम ज्या क्रमाने झाले त्या क्रमाने नावे. सगळी अक्षरे सारख्या उंचीची. नावापुढे काम. आणि बारावे नाव मावशींचे, 'वही' असे लिहून.

लगेच दुसरी अडचण निघाली. नाव पडद्यावर किती वेळ ठेवायचे? मुले म्हणाली, अर्धा सेकंद पुरे. मावशी म्हणाल्या, "अर्ध्या सेकंदात माझं नाव मला वाचता यायचं नाही. तुमच्या आयांनाही नाही." मुलांनी घड्याळ लावून बघितले. मावशींना एक नाव वाचायला दोन सेकंद लागले. बारा नावांचे चोवीस सेकंद! म्हणजे कांद्याच्या गोष्टीच्या निम्म्याला थोडी कमी नुसती नावेच. "लोक उठून जातील," एकजण म्हणाला. बराच वेळ वाद झाला. अखेर दोन-दोन सेकंदच ठेवले.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी एका रात्री शाळेच्या टीव्हीवर चित्र दाखवले. आई-बाप आले, रात्रीचा वर्गही आला. आधी आम्ही त्यांना 'एक अनेक और एकता' दाखवले. १९७४ साली विजया मुळे यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी ते केले. चित्रे भीमसैन यांची. पारध्याच्या जाळ्यात अडकलेली पाखरे एकदम उडतात आणि जाळेच घेऊन जातात, ती जुनी गोष्ट त्यात आहे. दूरदर्शनवर ते वर्षानुवर्षे लागायचे. पुष्कळांना गाणे पाठ होते. मग मुलांचा कांदा आला. टेंपो हलला तेव्हा हशा झाला. लिलावात कांदा रडला, तेव्हा मागच्या बाजूला बसलेले दोघेजण म्हणाले, "बरोबर आहे." कोंब आला तेव्हा कुणी बोलले नाही.

नंतर नावे सुरू झाली. एकेक नाव दोन सेकंद. रात्रीच्या वर्गाने ती मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिली दोन नावे मागेपुढे झाली, पुढची सगळ्यांनी एका सुरात वाचली. बाराव्या नावाला वाचणाऱ्यांत मावशींचा आवाज नव्हता. त्या पदराने चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, "पुन्हा लावा. मला वाचायचंय."